पेंटामिडीनच्या मागणीपत्रातील एक रकाना

प्रति,
संचालक, रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्रे, अटलांटा

महोदय,

पेंटामिडीन हे औषध मूळचे आफ्रिकेतील निद्रारोगावरचे, म्हणजे त्सेत्से माशीच्या दंशातून शरीरात शिरणाऱ्या परजीवीवरचे. पुढे बिहारमध्ये अँटिमनीला दाद न देणाऱ्या काळा आजारातही ते दिले गेले, आणि स्वादुपिंडाला इजा होऊन काही रुग्णांना त्यापायी मधुमेह जडला. अमेरिकेत त्याला परवाना नसल्याने साठच्या दशकाच्या अखेरीपासून आपल्याच संस्थेची औषधसेवा ते डॉक्टरांच्या मागणीनुसार पुरवीत असे. बहुतेक मागण्या न्यूमोसिस्टिस न्यूमोनियासाठी येत. हा फुप्फुसरोग घडविणारा जंतू तेव्हा आदिजीव समजला जाई, तो बुरशीच्या कुळातला असल्याचे 1988 मध्ये उघड झाले. पण निरोगी माणसाची प्रतिकारशक्ती त्याला सहज काबूत ठेवते आणि रक्ताचा कर्करोग किंवा अवयवारोपण यांसारख्या कारणांनी ती ढासळली तरच तो माजतो, एवढे ठाऊक होते. म्हणूनच ती ढासळण्याचे कारण मागणीबरोबर नोंदविले जाई.

1981 मध्ये औषधसेवेतील सँड्रा फोर्ड यांना असे आढळले की तरुण पुरुषांसाठी मागण्या येत आहेत आणि त्यांत कारणच सापडत नाही. त्यांनी ते वरिष्ठांना लेखी कळविले. त्याच वर्षी 5 जूनच्या आपल्या साप्ताहिकात हाच न्यूमोनिया झालेल्या लॉस एंजेलिसमधील 5 तरुणांचा वृत्तान्त आला, ज्यांपैकी 2 दगावले होते. प्रतिकारशक्ती ढासळविणारा हा आजार नवा आहे असे ठामपणे म्हणता आले, त्यात जुन्या मागण्या चाळता येण्याचा वाटा मोठा होता. त्यामागचा एचआयव्ही विषाणू प्रतिकारशक्तीचे नियंत्रण करणाऱ्या सीडी4 पेशी नष्ट करतो, हे शास्त्र मागाहून आले. कारकुनी वाटणारे काम त्याच्या पुढे होते.

1984 मध्ये पेंटामिडीनला परवाना मिळून ते बाजारात गेले, आणि पुढील काही वर्षांत कुपीची किंमत सुमारे चौपट झाली. महागाईची ओरड रास्तच होती. मात्र औषध कशासाठी हवे, हा प्रश्न विचारणारी खिडकीही त्याबरोबर बंद झाली, याचा बोभाटा झाला नाही. औषध रुग्णाला दुकानातून तातडीने मिळणे केव्हाही श्रेयस्कर, यात वाद नाही. परंतु आपल्या औषधसेवेकडील एखादे दुर्मीळ औषध यापुढे खासगी उत्पादकाकडे जाईल, तेव्हा रुग्णाची ओळख वगळून वापराच्या कारणांची नोंद केंद्राकडे दर तिमाहीस पाठविण्याची अट घालावी, आणि ती वाचण्यासाठी एक नेमलेली व्यक्ती असावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक