आधी कोणाचे घर?
(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीत मोजणीची माणसे आली. पाठोपाठ बिल्डरचा माणूस संमतीपत्रांचा गठ्ठा घेऊन आला. आमच्या गल्लीत कॉलेजात जाणारी मी एकटीच, म्हणून ते कागद वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. बाबा मार्केट यार्डात हमाली करतात. त्यांना सही येते; पण कायद्याची मराठी त्यांनाच काय, मलाही धड कळेना. एक इमारत आमच्यासाठी, दुसरी विक्रीसाठी, आणि तोवर आमचा मुक्काम संक्रमण शिबिरात, एवढे मात्र उमगले. सगळे ऐकून शेजारच्या मावशी म्हणाल्या, "ते राहू दे बाई. आधी कोणाचं बांधणार ते सांग. आपलं का त्यांचं?"

कागदात त्याचे उत्तर नव्हते.

पुढे भूगोलाच्या प्रकल्पासाठी शहरांच्या पुनर्विकासावर वाचत असताना ऑस्ट्रेलियातील एका वस्तीची हकीकत हाती आली, आणि मावशींचा प्रश्न मला तिथे जसाच्या तसा भेटला. फरक एवढाच की तिथे तो विचारायला बायकांना वर्षाहून अधिक काळ तंबू ठोकून बसावे लागले.

सिडनी शहराच्या मध्याला लागूनच रेडफर्न नावाचा भाग आहे. ही मुळात गॅडिगल लोकांची भूमी. १७८८ साली इंग्रजांनी तेथे वसाहत केली आणि मूळ रहिवासी आपल्याच देशात परके झाले. विसाव्या शतकात हेच ॲबोरिजिनल लोक खेड्यांतून, सरकारी राखीव वस्त्यांतून कामधंद्यासाठी पुन्हा शहरात येऊ लागले. एव्हलीचे रेल्वे कारखाने जवळच होते, जुन्या बैठ्या घरांची भाडी कमी होती. गाववाला गाववाल्याला आणतो, तशी वस्ती वाढली.

काम मिळाले, पण सन्मान मिळाला नाही. ॲबोरिजिनल म्हटले की घरमालक खोली देईना आणि पोलीस रस्त्यातून उचलून नेत. तेव्हा तिथल्या तरुणांनी वह्या-पेन्सिली घेतल्या आणि पोलीस कोणाला, कधी, कशासाठी पकडतात याची टिपणे ठेवायला सुरुवात केली. कायद्याचे प्राध्यापक आणि विद्यार्थी त्यांच्या मदतीला आले. त्यातून १९७० साली ॲबोरिजिनल लोकांसाठी मोफत कायदेशीर मदत केंद्र उभे राहिले. १९७१ मध्ये त्यांचा स्वतःचा दवाखाना निघाला, १९७२ मध्ये स्वतःची नाट्यसंस्था. अमेरिकेतील ब्लॅक पँथर चळवळीपासून स्फूर्ती घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, हे आपण सारे जाणतो. त्याच साली ऑस्ट्रेलियातही ॲबोरिजिनल तरुणांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला, हे मात्र मला आजवर ठाऊक नव्हते. एकाच दिव्यावरून दोन देशांत दोन पणत्या लागल्या होत्या.

त्याच सुमारास घरांचा प्रश्न पेटला. रेडफर्नमधील जुनी घरे विकत घेऊन, डागडुजी करून श्रीमंतांना विकण्याचा धंदा सुरू झाला होता. रिकाम्या घरांत आसरा घेणाऱ्या ॲबोरिजिनल लोकांना पोलीस पकडून नेत. फादर टेड केनेडी यांनी बेघरांना आपल्या चर्चमध्ये जागा दिली. बांधकाम मजुरांच्या संघटनेने त्यांची बाजू घेतली. डिसेंबर १९७२ मध्ये गॉफ व्हिटलॅम यांचे मजूर सरकार सत्तेवर आले, आणि १९७३ साली त्या सरकारच्या अनुदानातून ॲबोरिजिनल हाउसिंग कंपनीने पहिली घरे विकत घेतली. या लढ्याच्या अग्रभागी असलेले बॉब बेलेअर पुढे देशातील पहिले ॲबोरिजिनल न्यायाधीश झाले. एव्हली स्ट्रीटभोवतालच्या या वस्तीला लोक 'द ब्लॉक' म्हणू लागले. शहरातील जमीन मूळ रहिवाशांच्याच संस्थेच्या नावावर झाली, ही लहानसहान गोष्ट नव्हे. १० डिसेंबर १९९२ रोजी पंतप्रधान पॉल कीटिंग यांनी गोऱ्यांनी केलेल्या अन्यायाची जाहीर कबुली दिली, तीही याच रेडफर्नच्या उद्यानात.

पण नुसत्या जमिनीने पोट भरत नाही. घरे मुळातच जुनी होती, दुरुस्तीला पैसा नव्हता, बेकारी होती. १९९० च्या दशकात हेरॉइनने वस्ती पोखरली. २००४ च्या फेब्रुवारीत सायकलवरून पडून एका १७ वर्षांच्या ॲबोरिजिनल मुलाचा मृत्यू झाला. पोलीस त्याचा पाठलाग करीत होते, असे वस्तीचे म्हणणे; पोलिसांनी ते नाकारले. त्या रात्री दंगल उसळली. 'ही वस्तीच काढून टाका' अशी भाषा बोलली जाऊ लागली. त्याच साली राज्य सरकारने रेडफर्न आणि शेजारच्या वॉटर्लूसाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा केला. ॲबोरिजिनल कुटुंबांसाठी ६२ घरे बांधायची, अशी हाउसिंग कंपनीची योजना होती. तर इतकी घरे एकाच ठिकाणी नकोत, असे सरकारचे मत. श्रीमंतांची शेकडो घरे एकत्र आली तर ती 'सोसायटी', आणि गरिबांची बासष्ट आली तर ती 'समस्या'! हा हिशेब मला अजून सुटलेला नाही.

या योजनेला नाव दिले होते पेमुलवुय यांचे. इंग्रजांशी सुमारे बारा वर्षे लढून १८०२ साली धारातीर्थी पडलेला हा वीर. नाव मोठे दिले, पण काम पुढे सरकेना. २०११ पर्यंत जुनी घरे रिकामी होऊन पडत गेली. २०१२ च्या अखेरीस मंजुरी मिळाली. मग कंपनीने सांगितले की स्वस्त भाड्याच्या घरांसाठी कर्ज कोणी देत नाही, म्हणून आधी दुकाने आणि विद्यार्थ्यांचे वसतिगृह बांधू, त्यांच्या उत्पन्नातून नंतर घरे.

आधी त्यांचे, मग आपले!

२६ मे २०१४ रोजी जेनी मन्रो या विराजुरी समाजाच्या ज्येष्ठ कार्यकर्तीच्या पुढाकाराने मोकळ्या जमिनीवर तंबू पडले. थंडीपावसात ते वर्षाहून अधिक टिकले. कंपनी कोर्टात गेली. २०१५ च्या ऑगस्टमध्ये तंबू हटवण्याचा हुकूम झाला. पण त्याच आठवड्यात केंद्र सरकार मध्ये पडले, ६२ घरांच्या पैशाची सोय करण्याचे ठरले आणि मगच तंबू उठले. आज ती घरे उभी आहेत. त्यांच्याच योजनेतील वसतिगृह मात्र वाढत वाढत २४ मजल्यांचे झाले असून त्यात पाचशेहून अधिक विद्यार्थी राहू शकतात.

खरे सांगते, वसतिगृह हा शब्द वाचून मला प्रथम आनंदच झाला. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसांत बसून अभ्यास करणाऱ्या मुलीला वसतिगृहाचे वैर कसे असेल? मग लक्षात आले की त्या इमारतीत राहणारा विद्यार्थी वाईट नाही, पण तो कोणाच्या अंगणात राहतो हे त्याला कोणी सांगितले नाही तर तो अडाणीच राहील, कितीही पदव्या घेवो.

कंपनीची बाजू अगदीच खोटी होती असे मी म्हणणार नाही. पैसा आकाशातून पडत नाही. जमीन विकून मोकळे होण्याचा सोपा मार्ग तिने घेतला नाही, हेही खरे. परंतु 'आधी' आणि 'नंतर' ही केवळ हिशेबाची बाब नव्हे. इमारतीला उशीर झाला तर बांधणाऱ्याचे व्याज वाढते. घराला उशीर झाला तर माणसाचे वय वाढते. २०११ साली तिथून गेलेली आठ वर्षांची मुलगी, घरे पूर्ण झाली तेव्हा अठरा वर्षांची झाली. तिची शाळा दुसरीकडे, मैत्रिणी दुसरीकडे. ज्या आजीने तिला त्या गल्लीच्या गोष्टी सांगायच्या, ती तोवर असेलच याची हमी कोणता आराखडा देतो? मग बासष्ट घरे बांधूनही वस्ती परत येत नाही, नुसत्या भिंती येतात.

म्हणून माझे मत असे, की पुनर्विकासाला विरोध करू नये. गळक्या छपराचा अभिमान आम्हाला नाही. तो आमच्यावर कविता करणाऱ्यांना असेल. पण जो उठतो त्याचे घर आधी, निदान बरोबरीने, बांधले पाहिजे. परत येण्याची तारीख कागदावर आली पाहिजे, आणि तो कागद घरातल्या म्हातारीला समजेल अशा भाषेत असला पाहिजे. रेडफर्नच्या लोकांकडे जमीन होती, दवाखाना होता, वकील होते, चाळीसहून अधिक वर्षांची चळवळ होती. तरी त्यांना तंबूत बसावे लागले. आमच्याकडे तर फक्त रेशनकार्ड आणि वीजबिल आहे.

मित्रहो, आणि गुरुजनहो, म्हणूनच ही हकीकत आपल्या अंकात लिहावीशी वाटली. पन्नास वर्षांपूर्वी सिडनीचे विद्यार्थी वर्ग संपल्यावर वस्तीच्या मदतीला जात होते. आपल्या कॉलेजपासून आमची वस्ती पायी वीस मिनिटांवर आहे. राज्यशास्त्रात पहिला वर्ग मिळवणारे, टायपिंग येणारे, कायद्याला जाऊ इच्छिणारे अनेक जण आपल्यात आहेत. रविवारी एक तास कागद वाचायला आलात तरी पुरे.

आमच्या घराची सही अजून बाकी आहे. बाबांच्या सांगण्यावरून बिल्डरला पाठवायच्या पत्राचा मसुदा मी केला आहे. त्यात पहिलाच प्रश्न मावशींचा घातला आहे, त्यांच्याच शब्दांत.