मूळव्याधच असेल!

माझे धाकटे काका एसटीत ड्रायव्हर होते. घाटातल्या गाड्या बहुतेक त्यांच्याकडे असत. शेजारी तापलेले इंजिन, खाली टणक सीट, जेवणाची वेळ कधीच ठरलेली नाही. त्यामुळे आपल्याला कधीतरी मूळव्याध होणार, हे त्यांनी नोकरीला लागतानाच गृहीत धरले होते. डेपोतल्या निम्म्या ड्रायव्हरांची तीच तक्रार असे. म्हणून वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी शौचाच्या वेळी रक्त दिसू लागले तेव्हा काका घाबरले नाहीत. "उष्णता झालीय," म्हणाले. काकूंनी आठवड्यातून दोनदा सुरणाची भाजी सुरू केली. दुपारी ताक, रात्री इसबगोल. फॅमिली डॉक्टरांनी मलम लिहून दिले. त्यांनी तपासले नाही, आणि काकांनीही तपासा म्हटले नाही. दोघेही संकोचले आणि दोघांनाही सुटल्यासारखे वाटले.

दीड वर्ष असे गेले. मग जिना चढताना धाप लागू लागली. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन सातावर आलेले. दुसऱ्या एका डॉक्टरांनी काकांना कुशीवर झोपवले, हातमोजा चढवून बोटाने तपासले. मिनिटभराचे काम. गाठ बोटाला लागली. गुदाशयाचा कर्करोग होता आणि तोवर तो यकृतापर्यंत पोचला होता. पुढे काका दोन वर्षे जगले. तेराव्याला आलेल्या पाहुण्यांना घरच्यांनी सांगितले, "पोटाचं दुखणं होतं."

काकांची ही गोष्ट दुर्मिळ असती तर रविवारच्या सकाळी ती सांगत बसलो नसतो. पण मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाचे रुग्ण पाहणाऱ्या कुणाही डॉक्टरांना विचारा, 'मूळव्याधच असेल' या वाक्यात किती महिने गेले याचे हिशेब ते सांगतील. हा शब्द आपल्या फार अंगवळणी पडला आहे. एसटी स्टँडच्या मुतारीपासून रेल्वेच्या कुंपणभिंतीपर्यंत 'मूळव्याध, भगंदर, ऑपरेशनशिवाय खात्रीशीर इलाज' असे रंगवलेले असते. लाज झाकायला तो सोयीचा, आणि भीती झाकायला त्याहून सोयीचा. शौचावाटे रक्त जाणाऱ्या बहुसंख्य लोकांना खरोखरच मूळव्याध किंवा चीर असते, हेही लगेच सांगायला हवे; नाहीतर हा लेख वाचून उद्या घराघरांत घबराट व्हायची. तक्रार एवढीच आहे की निदान न तपासता केले जाते, आणि तेही बहुतेक वेळा रुग्ण स्वतःच करतो. शिवाय मूळव्याध असलेल्या माणसाला कर्करोग होत नाही, असा काही नियम नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतात, आणि मग पहिला दुसऱ्याला आडोसा देतो.

हा रोग मोठा किती? २०२२ साली जगभरात सुमारे एकोणीस लाख लोकांना तो झाला आणि सुमारे नऊ लाख दगावले. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंमध्ये फुप्फुसानंतर याचाच क्रमांक लागतो. भारतात त्याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या मानाने बरेच कमी आहे. पण आपल्याकडच्या रुग्णांचे वय तिकडच्यापेक्षा सरासरीने कमी असते, आणि ते येतात तेव्हा आजार बहुधा पुढे गेलेला असतो. आपल्याकडे गुदाशयाच्या कर्करोगाचा वाटाही मोठा आहे. म्हणजे ज्या गाठी निदान काही वेळा साध्या बोटाने कळू शकतात, त्याच आपण उशिरा शोधतो.

वाईट अशासाठी वाटते की हा कर्करोग फार सावकाश येतो. मोठे आतडे साधारण पाच फूट लांबीचे. त्याच्या आतल्या अस्तरावर चामखिळीसारखा एखादा कोंब उगवतो, त्याला पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी राहतात. काहींचा मात्र कर्करोग होतो, आणि त्याला साधारणपणे दहाएक वर्षे लागतात. एवढी मुदत देणारे शत्रू थोडे. त्या मुदतीत पॉलिप सापडला तर दुर्बिणीतूनच तारेच्या फासाने तो काढून टाकता येतो. पोट फाडावे लागत नाही आणि होऊ घातलेला कर्करोग होतच नाही. बहुतेक कर्करोगांच्या चाचण्या रोग लवकर शोधतात. ही तपासणी तो होण्याआधीच थांबवू शकते.

आणि पहिली चाचणी तर दुर्बिणीचीही नाही. डोळ्यांना न दिसणारे रक्त विष्ठेत आहे का, ते पाहायचे. काडीच्या टोकावर कणभर नमुना घ्यायचा, नळीत घालायचा, प्रयोगशाळेत द्यायचा. पूर्वीच्या चाचणीत खाण्यापिण्याची पथ्ये असत. आता 'फिट' म्हणून जी चाचणी आहे ती फक्त मानवी रक्त ओळखते, तिला तेही लागत नाही. रक्त आढळले तरच दुर्बीण. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात हजारो लोकांची अशी तपासणी वर्षानुवर्षे केली गेली. १९९३ साली तिचे निष्कर्ष आले तेव्हा दरवर्षी तपासलेल्या गटात या रोगाचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी झालेले दिसले, आणि ते पथ्याच्या जुन्या चाचणीने. जपानने १९९२ पासून चाळिशीपुढच्या सर्वांसाठी ही तपासणी सुरू केली. इंग्लंडमध्ये २००६ पासून सरकारच टपालाने चाचणीची पेटी घरी पाठवते. आता ती ५० ते ७४ वयाच्या प्रत्येकाला दर दोन वर्षांनी येते. नमुना घ्या आणि परत टपालात टाका.

"टपालात? शी!" हे वाचताना आपल्यापैकी किती जणांच्या तोंडून निघाले असेल! तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या लोकांच्याही ते निघते. दक्षिण आशियातून गेलेल्या कुटुंबांकडून ही पाकिटे परत येण्याचे प्रमाण कमी, असे इंग्लंडमधल्या अभ्यासांत दिसले आहे. चाचणी फुकट, टपालखर्च सरकारचा, तरीही पाकीट कपाटावर पडून राहते. यंत्रे आणि पैसे नसतात हे आपले नेहमीचे गाऱ्हाणे. तिथे दोन्ही असून ही गत.

अमेरिकेत ही लाज एका बाईने मोडली. केटी कुरिक ही दूरचित्रवाणीवरची लोकप्रिय निवेदिका. तिचा नवरा १९९८ मध्ये याच रोगाने गेला, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी. मार्च २००० मध्ये तिने स्वतःची कोलोनोस्कोपी सकाळच्या कार्यक्रमात प्रेक्षकांना दाखवली. त्यानंतर ही तपासणी करून घेणाऱ्यांची संख्या वीस टक्क्यांहून अधिक वाढल्याचे अभ्यासकांनी नोंदवले. आपल्याकडे एखादी लोकप्रिय अभिनेत्री असे करील, ही आशा सध्या तरी बाजूला ठेवू.

पण आपल्याकडचेही एक उदाहरण आहे, आणि माझ्या मते ते अधिक मोलाचे. १९८७ साली बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या खेड्यांत नोंदणीचे कार्यकर्ते फिरू लागले. नुसत्या नोंदी करून ते थांबले नाहीत. गावोगावी बसून त्यांनी कर्करोगाची लक्षणे समजावली. बायकांना अंगावरून अवेळी जाणाऱ्या रक्ताविषयी विचारले. जे सासूसमोर बोलायचे नाही, नवऱ्यालाही सांगायचे नाही, ते बोलले गेले. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रिया आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर येऊ लागल्या. १९९५ साली याचा अहवाल प्रसिद्ध झाला. लक्षात घ्या, तिथे कुठली नवी यंत्रसामग्री पोचल्यामुळे हे घडले नव्हते. माणसे बोलू लागली होती.

सरकारी तपासणी मोहिमेत आज तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांचा समावेश आहे. मोठ्या आतड्याचा नाही. प्रमाण कमी असलेल्या आपल्या देशात सरसकट सगळ्यांच्या दुर्बिणी करणे परवडणारे नाही, आणि आज शहाणपणाचेही नाही, हे मला पटते. म्हणूनच ही गोष्ट घरात बोलली जाणे अधिक गरजेचे. आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला हा रोग झाला असेल तर इतरांनी चाळिशीत, किंवा त्या नातेवाइकाला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करून घ्यावी, असा सर्वसाधारण सल्ला आहे. आता सांगा, 'पोटाचं दुखणं होतं' असे ऐकलेल्या भावांना, बहिणींना हा सल्ला लागू पडतो हे कळणार कसे?

बायकांच्या बाबतीत आणखी एक आडोसा असतो. अशक्तपणा आला की पाळीवर ढकलायचे आणि लोहाच्या गोळ्या द्यायच्या. पाळी जाऊन चार वर्षे झालेल्या बाईचे रक्त कमी होत असेल तर ते कुठे जाते, हा प्रश्न घरात कुणी विचारत नाही. शौचाची सवय महिना-दीड महिना बदललेली राहणे, पोट साफ न झाल्याची सतत भावना, कारण नसताना वजन उतरणे, याही गोष्टी डॉक्टरांना सांगण्याच्या आहेत. आणि तपासल्याशिवाय मलम दिले तर 'तपासत का नाही?' असे विचारण्याचा हक्क रुग्णाला आहे.

इस्पितळांच्या सवलतीच्या 'फुल बॉडी' पॅकेजमध्ये रक्तातला कर्करोगाचा 'मार्कर' तपासून देतात, त्यावर मात्र विसंबू नये. निरोगी माणसात हा रोग शोधण्यासाठी ती चाचणी नाही. 'आम्ही शाकाहारी' हेही अभयपत्र नव्हे. मांसाहार, दारू, तंबाखू, लठ्ठपणा, बैठे काम यांनी धोका वाढतो हे खरे, पण यातले काहीच नसलेल्यांनाही हा रोग होतो. लोकांना खरी धास्ती असते ती पोटावर बसवाव्या लागणाऱ्या पिशवीची. त्या धास्तीने माणसे तपासणी टाळतात आणि उशिरामुळेच पिशवीची पाळी येण्याची शक्यता वाढवून घेतात. अमेरिकेतल्या आकडेवारीत, रोग आतड्यापुरताच असताना सापडलेल्यांपैकी दहात नऊ जण पाच वर्षांनंतरही हयात असतात. दूरवर पसरल्यावर सापडलेल्यांत सातात जेमतेम एक.

काकांना दोन मुलगे. गेल्या दिवाळीत फराळ झाल्यावर काकूंनीच विषय काढला, सगळ्यांसमोर, सुनांसमोर. "तुमच्या वडिलांना कॅन्सर होता, आणि तो कुठे होता ते नीट ऐका," म्हणाल्या. थोरला एकेचाळिसाचा. आदल्या दिवशी पातळ पदार्थ आणि ते बेचव औषधी पाणी पिऊन, रात्रभर शौचालयाच्या फेऱ्या घालून तो तपासणीला गेला. दोन छोटे पॉलिप निघाले, तिथल्या तिथे काढले. संध्याकाळी घरी येऊन वरणभात जेवला. धाकटा अडतीसचा आहे. चाळिशीची तारीख काकूंनी आत्ताच कालनिर्णयाच्या मागे लिहून ठेवली आहे.