छायाचित्र म्हणजे पुस्तक नव्हे

मागे एका वर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या कार्यक्रमात, भाषणांऐवजी एक विज्ञानकथा वाचून दाखवायची असे आम्ही ठरवले. मी डॉ. जयंत नारळीकरांची 'कृष्णविवर' निवडली. ही कथा त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या स्पर्धेसाठी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवली होती. आपल्या नावाच्या आद्याक्षरांचा क्रम त्यांनी उलटा केला होता. परीक्षकांना लेखक कोण याचा पत्ता नव्हता आणि पहिले पारितोषिक त्या जगतापांना मिळाले!

वाचन संपल्यावर अकरावी कला शाखेतील एक विद्यार्थिनी मैत्रिणीचा हात धरून माझ्याकडे आली. तिला जन्मापासून दिसत नाही. तिने विचारले, "सर, कृष्णविवरातून प्रकाशच बाहेर येत नाही, तर ते दिसणार्‍या माणसांना तरी कसं कळलं?"

भौतिकशास्त्राच्या वर्गात इतका नेमका प्रश्न मला क्वचितच कोणी विचारला असेल. मी तिला सांगितले की ते कोणालाच डोळ्यांनी दिसलेले नाही. आजूबाजूचे तारे कसे फिरतात, आत कोसळणारा तप्त वायू कोणते क्ष-किरण सोडतो, यांवरून ते ताडले गेले. १० एप्रिल २०१९ रोजी जाहीर झालेले कृष्णविवराचे 'छायाचित्र'ही कोणी कॅमेर्‍याने टिपलेले नव्हते. पृथ्वीवरच्या आठ रेडिओ दुर्बिणींनी सुमारे १.३ मिलिमीटर लांबीच्या लहरी नोंदवल्या, त्या नोंदी तबकड्यांवर भरून एकत्र आणल्या आणि पुढे बराच काळ आकडेमोड चालली. तेव्हा कुठे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या, सूर्याच्या सुमारे ६५० कोटी पट वस्तुमानाच्या त्या विवराभोवतीचे कडे उमटले. या बाबतीत डोळस आणि अंध एकाच बाकावर बसलेले आहेत. वांडा डियाझ-मर्सेड या दृष्टी गेलेल्या खगोलशास्त्रज्ञ असल्या नोंदींचे ध्वनीत रूपांतर करून त्या कानांनी तपासतात.

ती खूश झाली. मग म्हणाली, "ही गोष्ट मला परत वाचायची आहे. पुस्तक कुठं मिळेल?"

"ग्रंथालयात आहे की," मी सवयीने म्हणालो आणि लगेच ओशाळलो. मैत्रीण म्हणाली, "मी वाचून दाखवीन तिला." त्यावर त्या मुलीने शांतपणे दिलेले उत्तर माझ्या मनातून जात नाही : "मला माझं मला वाचायचंय. जिथं कळलं नाही तिथं थांबता यायला पाहिजे."

विद्यार्थी मित्रहो, या लेखाचा विषय ते 'थांबता येणे' हा आहे.

ब्रेल लिपीतील पुस्तक हा त्यावरचा जुना आणि उत्तम उपाय. परंतु साध्या कादंबरीचेही ब्रेलमध्ये दोन-तीन जाडजूड खंड होतात, आणि ते कड्यासारख्या गावापर्यंत पोचणे कठीण. दुसरा उपाय संगणकाचा. छापील पान यंत्राने टिपायचे, त्यातली अक्षरे ओळखायची आणि ती आवाजात उच्चारायची, ही तिन्ही कामे करणारे यंत्र रेमंड कुर्झवाइल यांनी अमेरिकेत १९७६ साली दाखवले. ते एका मेजाएवढे होते. आज तेच काम खिशातला फोन करतो. तिकडच्या 'बुकशेअर' या ग्रंथालयाची उभारणी २००२ सालापासून याच पायावर झाली. वाचकांनी आणि स्वयंसेवकांनी घरी बसून पाने स्कॅन करायची, दुसर्‍यांनी ती तपासायची, आणि छापील मजकूर वाचू न शकणार्‍या सभासदांना ती मिळायची. आपल्याकडे 'सुगम्य पुस्तकालय' ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाले. डेझी फोरम ऑफ इंडिया या संस्थांच्या संघाने केंद्र सरकारच्या आणि एका संगणक कंपनीच्या साहाय्याने ते उभे केले असून त्यात भारतीय भाषांतील पुस्तकेही आहेत. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील दृष्टिहीनांसाठीचे केंद्रही २००३ पासून पुस्तके अशी सुलभ करण्याचे काम करीत आहे.

मग अडचण कोठे आहे? पुष्कळांना वाटते की पानाचा फोटो काढला की काम झाले. थोडे गणित करू.

साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच असे एक पान घ्या. स्कॅनर एका इंचात ३०० ठिपके टिपतो. म्हणजे आडवे १६५० आणि उभे २५५० ठिपके. गुणाकार ४२ लाख ७ हजार ५००. प्रत्येक ठिपका काळा की पांढरा एवढेच नोंदवले तरी सुमारे सव्वापाच लाख बाइट जागा लागते. त्याच पानावर समजा १५०० अक्षरचिन्हे आहेत. युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे सगळा मजकूर साडेचार हजार बाइटांत मावतो. फोटो शंभरपटींहून मोठा आहे, आणि तरीही पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणार्‍या एनव्हीडीएसारख्या आज्ञावलीला त्यात एकही अक्षर सापडत नाही. तिच्या लेखी ते फक्त एक चित्र असते. फोनवरून फिरणार्‍या कित्येक 'डिजिटल' मराठी पुस्तकांची हीच गत आहे. (त्यांतली बरीचशी चोरीची असतात, ही आणखी वेगळी गोष्ट.)

ठिपक्यांतून अक्षरे ओळखण्याचे काम आता मराठीसाठीही बर्‍यापैकी होते. 'बर्‍यापैकी' या शब्दावर मात्र थांबा. शंभरातली अठ्ठ्याण्णव चिन्हे बरोबर आली तर परीक्षेत आपण पाठ थोपटू. पण १५०० चिन्हांच्या पानावर दोन टक्के म्हणजे ३० चुका, आणि दोनशे पानांच्या पुस्तकात ६,०००! शिवाय देवनागरीत घ आणि ध, भ आणि म, प आणि ष, थ आणि य ही सख्खी भावंडे. खिळे जुळवून छापलेल्या जुन्या पुस्तकात शिरोरेषा झिजलेली असते, कागद पिवळा पडलेला असतो, शिवणीजवळच्या ओळी वाकलेल्या असतात. तेथे 'घन'चा 'धन' होतो आणि 'भार'चा 'मार'. हे सगळेच शब्द कोशात असल्यामुळे शुद्धलेखन तपासणारी आज्ञावली मूग गिळून बसते. 'खगोल' हमखास 'रवगोल' होतो. ती चूक निदान लपत तरी नाही. वाक्याच्या मध्येच पानाच्या माथ्यावरचे कथेचे नाव आणि पृष्ठांक घुसतात. अंतराळवीर दार उघडायला हात पुढे करतो आणि आवाज म्हणतो, "सत्तावीस".

भौतिकशास्त्राच्या मजकुरात तर आणखी मौज. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन गुणिले दहाचा आठवा घात मीटर, हे तुम्हांला पाठ असेल. घातांकाचा तो छोटा आठ यंत्राने खाली ओळीत उतरवला की उरते तीन गुणिले एकशे आठ, म्हणजे ३२४ मीटर. ध्वनीचा हवेतील वेग शून्य अंशाला सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो. एका ठिपक्याएवढ्या आकड्याने प्रकाशाला ध्वनीच्याही मागे टाकले! डोळस विद्यार्थी छापील पान बघून हसेल आणि पुढे जाईल. ज्याच्याजवळ दुसरे पान नाही तो मात्र हा वेग पाठ करील.

म्हणून माझे मत असे आहे की या कामात स्कॅनर, त्याची किंमत, फोनचा कॅमेरा या गोष्टी दुय्यम आहेत. मूळ पान शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहणारा माणूस हवा, आणि त्यासाठी मुंबई-पुण्याला असण्याची गरज नाही. नववी-दहावीतल्या ज्या मुलाला शुद्ध मराठी वाचता येते, तो हे काम करू शकतो.

यावर दोन आक्षेप माझ्या सहकार्‍यांनीच घेतले. पहिला : पाठ्यपुस्तके आधी करा, गोष्टी कसल्या करता? पाठ्यपुस्तक प्रत्येक विद्यार्थ्याला वाचता येईल अशा रूपात देणे हे शासनाचे आणि मंडळांचे कर्तव्य आहे. ते पार पडत नसेल तर त्यांना जाब विचारला पाहिजे. स्वयंसेवकांनी ते ओझे निमूटपणे उचलले की कर्तव्याची आठवण कोणालाच राहत नाही. विज्ञानकथा देणे मात्र कोणाचेच कर्तव्य नाही, म्हणून ती आपण द्यायची. शिवाय दृष्टिहीन मुलांना दहावीनंतर बहुधा कला शाखेकडे वळवले जाते. त्या मुलीलाही कोणी प्रयोगशाळेच्या दारापर्यंत नेले नव्हते. विज्ञानाविषयी प्रश्न पडायला तिला जी एकच वाट मोकळी होती ती गोष्टीची, आणि तीही आपण फोटोंनी बुजवायची का?

दुसरा आक्षेप असा की मुलांनी पुस्तक वाचून ध्वनिमुद्रण करावे, ते सोपे पडते. माणसाच्या आवाजातील गोष्टीची गोडी मी नाकारत नाही. पण मुद्रणात एखादा शब्द शोधता येत नाही, आणि 'प्रारण' हा शब्द लिहितात कसा हे आवाजावरून कळत नाही. शुद्ध मजकूर एकदा तयार झाला की त्यातून आवाज निघतो, ब्रेल निघते आणि क्षीण दृष्टीच्या वाचकासाठी मोठे अक्षरही निघते.

कायद्याविषयी थोडे सांगतो, कारण शिक्षक तेच विचारतात. नारळीकर २० मे २०२५ रोजी निवर्तले; त्यांच्या लेखनाचा स्वामित्वहक्क २०८५ अखेरपर्यंत राहील. ज्यूल व्हर्न १९०५ साली वारले, त्यांचे फ्रेंच लेखन केव्हाच मुक्त झाले. पण त्यांच्या कादंबर्‍या मराठीत आणणारे भा. रा. भागवत २००१ साली गेले, तेव्हा ती भाषांतरे मुक्त नाहीत. असे असूनही २०१२ सालच्या दुरुस्तीने भारतीय कायद्यात अपंग वाचकांसाठी सुलभ प्रत करण्याची मुभा आली आहे. अट अशी की नफा कमवायचा नाही आणि ती प्रत इतरांच्या हाती पडू द्यायची नाही. याच हेतूचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली माराकेश येथे झाला, आणि २०१४ साली त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. तेव्हा तयार झालेली फाइल वर्गाच्या फोन-गटात टाकणे हा त्या मुभेचा गैरवापर ठरतो. प्रकाशकांनाही एक सांगावेसे वाटते. आजची पुस्तके संगणकावरच जुळवली जातात. मूळ फाइल एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेला दिली तर स्कॅन करण्याचे कारणच उरत नाही. जुन्या फॉन्टमधली फाइल असेल तर ती युनिकोडमध्ये आणताना थोड्या चुका होतात, पण त्या सहा हजार नसतात.

आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत पाच विद्यार्थी घेऊन एक जुना विज्ञानकथासंग्रह करायला घेतला. तो आधी कोणी केलेला नाही ना, हे सूचीत पाहून घेतले. स्वयंसेवकांच्या कामात एकच पुस्तक तिघांनी करायचे आणि मालिकेतला दुसरा भाग कोणीच करायचा नाही, असे फार होते. पहिले दोन दिवस वीज गेल्यामुळे फुकट गेले. मग छापखान्यांतली जुनी रीत आठवली : एकाने मूळ पुस्तकातून स्वल्पविरामासकट मोठ्याने वाचायचे, दुसर्‍याने पडद्यावर बोट ठेवून ताडायचे. एक विद्यार्थी फार हुशार. त्याने लेखकाची जुनी वाक्यरचना 'सुधारून' टाकली होती. ती सगळी पूर्ववत करण्यात एक सकाळ गेली. आकृती एकच होती, पण तिचे चार ओळींत शब्दवर्णन करणे सर्वांत अवघड ठरले. तसे वर्णन लिहून पाहा, आकृती आपल्याला कितपत कळली आहे ते समजते.

तीनदा तपासलेली फाइल त्या मुलीला दिली. चार दिवसांनी तिचा फोन आला. पुस्तक आवडल्याचे तिने सांगितले, आणि लगेच म्हणाली, "सर, पाचव्या गोष्टीत यानाचा 'मार' कमी होतो असं ऐकू येतंय. तिथं 'भार' आहे का?"

भारच होता. तिने आणखी सात जागा सांगितल्या, त्यांतल्या सहा खरोखर चुका निघाल्या. सातवी छापील पुस्तकातच होती. ती आम्ही तशीच ठेवून खाली टीप दिली. आता दुसर्‍या संग्रहाची पाने स्कॅन होत आहेत, आणि शेवटचे वाचन तिच्याकडे सोपवले आहे.