पाठीवरचे ओझे आणि स्वदेशीचा शिक्का

दौंडहून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला आणि दौंड हे दक्षिणोत्तर मालवाहतुकीचे नाके बनले. तेव्हापासून येथे धान्य आले, साखर गेली, खत उतरले; आणि ही सारी चढउतार पिढ्यानपिढ्या माणसाच्या पाठीवरूनच झाली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या बोज्याची मर्यादा ५५ किलो असावी, अशी शिफारस केली. आपल्याकडे साखरेचे पोते दीर्घकाळ १०० किलोचेच राहिले! शेजारच्या शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत मात्र टनभर माल फोर्कलिफ्ट एका दमात उचलते. एकाच परिसरात दोन युगे नांदत आहेत.

फोर्कलिफ्टचा जन्म अमेरिकेतला. मिशिगन राज्यातील क्लार्क कंपनीने १९१७ साली आपल्या कारखान्यापुरती एक मालवाहू गाडी बनवली. तिच्यातून पुढे हे यंत्र विकसित झाले. भारतात ते बनवण्याचे धाडस ज्यांनी आरंभी केले, त्यांत मुंबईतील विक्रोळीच्या गोदरेज कारखान्याचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. १९६० च्या दशकाच्या आरंभी हे काम तेथे सुरू झाले. पण या उद्योगाचे मूळ त्याहून जुने आहे आणि ते समजून घेण्याजोगे आहे.

अर्देशिर गोदरेज यांनी प्रथम शस्त्रक्रियेची उपकरणे बनवली. माल उत्तम होता; परंतु त्यावर भारतीय बनावटीचा शिक्का असेल तर तो खपणार नाही, असे खरेदीदाराचे म्हणणे पडले. अर्देशिर यांनी धंदा सोडला, शिक्का सोडला नाही. १८९७ साली लालबागच्या एका लहानशा शेडमध्ये त्यांनी कुलुपे बनवण्यास प्रारंभ केला. पुढे तिजोऱ्या आल्या. टिळक स्वराज्य फंडाला या गृहस्थाने १९२१ साली तीन लाख रुपये दिले. तरीही स्वदेशीच्या नावाखाली कनिष्ठ माल ग्राहकाच्या गळ्यात बांधणे त्यांना कधीच मान्य नव्हते. (आजच्या अनेक स्वदेशीवाद्यांना हे पथ्य जड जाईल.) १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत स्फोटकांनी भरलेले जहाज फुटून हाहाकार उडाला, तेव्हा या तिजोऱ्यांची कसोटी लागली आणि त्या टिकल्या. त्याच गोदीत हजारो हमाल पाठीवर माल वाहत होते. पुढे विक्रोळीत पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपेट्या झाल्या, १९५५ साली टंकलेखन यंत्र आले आणि मग फोर्कलिफ्ट.

परंतु फोर्कलिफ्ट एकटी काहीच करू शकत नाही. पुढच्या काट्यांवर जितका बोजा, त्याला तोलणारे वजन तिच्या मागच्या अंगाला असावे लागते. जमीन सपाट हवी, माल पॅलेटवर रचलेला हवा आणि तो ठेवायला भक्कम रॅक हवेत. सुट्या पोत्यांची थप्पी आणि उखडलेली फरशी असलेल्या गोदामात हे यंत्र निरुपयोगी ठरते. पोलादी कपाटांचा अनुभव गाठीशी असलेला कारखाना रॅकच्या व्यवसायातही उतरला, हे म्हणूनच सुसंगत होते. आपली धान्यगोदामे मात्र त्या मानाने फार मागे राहिली.

आता कळीचा प्रश्न. यंत्राने पाठ वाचवली, पण पोटाचे काय? अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा झाला. टोळीला नोंदणी मिळाली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, भविष्यनिर्वाह निधी आला. एक फोर्कलिफ्ट आली की त्या टोळीतील कित्येकांचे काम जाते. यंत्राला विरोध करून शंभर किलोचे पोते पुढच्या पिढीच्या पाठीवर कायम ठेवणे ही कामगारांची सेवा नव्हे. तसेच यंत्र आणून माणसाला वाऱ्यावर सोडणे हीदेखील उद्योजकता नव्हे. पाश्चात्य मालक आणि साम्यवादी पुढारी, दोघांनाही हा प्रश्न केवळ संघर्षाचा वाटतो. येथे मात्र तो कुटुंबाचा आहे.

जो मालक टोळीच्या जागी यंत्र आणतो, त्यानेच त्या टोळीतील तरुणांच्या चालक-प्रशिक्षणाचा खर्च उचलावा. माथाडी मंडळांनी त्यांची नोंदणी यंत्रचालक म्हणून चालू ठेवावी आणि दौंड-शिरूरच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी त्यासाठी अभ्यासक्रम चालवावा. कुरकुंभच्या गोदामात फोर्कलिफ्टच्या आसनावर मालधक्क्यावरच्या हमालाचा मुलगा बसणार की तो गोदामाच्या फाटकाबाहेर काम मागत उभा राहणार, याचा निर्णय यंत्र घेणार नाही.