सोळा तासांचा उपवास आणि अर्धे विज्ञान

‘सोळा तास पोटात काही गेले नाही, की पेशी स्वतःतला कचरा खाऊ लागतात, कर्करोगाच्या पेशीही संपतात, या शोधाला नोबेल मिळाले आहे,’ अशा आशयाचे संदेश मोबाइलवर फिरत असतात. त्यातले नोबेल खरे आहे. पेशी स्वतःतला कचरा खातात, हेही खरे. बाकीचे मात्र तपासून घ्यायला हवे. कारण असे संदेश वाचून मधुमेहाची गोळी नेमाने घेणारा पण जेवण टाळणारा माणूस घामाघूम आणि बेशुद्ध अवस्थेत अपघात विभागात येऊ शकतो.

मूळ प्रक्रिया मोठी देखणी आहे. पेशीच्या आत एक चपटे पटल उगवते, वाढत वाढत वाटीसारखे वाकते आणि आसपासचा माल कवेत घेते. त्यात निकामी झालेल्या मायटोकॉन्ड्रिया असतात, घडी बिघडलेली प्रथिने असतात, कधी आत शिरलेले जंतूही असतात. वाटीच्या कडा जुळल्या की दुहेरी पटलाची बंद पिशवी तयार होते. तिला ऑटोफॅगोसोम म्हणतात. तिचा व्यास मिलिमीटरच्या साधारण हजाराव्या भागाइतका. ही पिशवी लायसोसोमला जाऊन मिळते, तिथली विकरे आतला माल विरघळवतात आणि सुटी झालेली अमिनो आम्ले पुन्हा वापरात येतात. भंगार गोळा करून, वितळवून नवी भांडी घडवावीत तसेच हे. विशेष म्हणजे पिशवी आधी तयार नसते, गरज पडेल तशी ती घडवावी लागते. त्यासाठी लागणारे मेद-रेणू शेजारच्या आंतर्द्रव्यजालिकेतून आणणारी पुलासारखी प्रथिनेही आता सापडली आहेत.

‘ऑटोफॅजी’, म्हणजे स्वभक्षण, हे नाव ख्रिश्चन द दुव यांनी १९६३ मध्ये दिले. पण त्यामागची जनुके कळायला आणखी तीस वर्षे गेली. योशिनोरी ओसुमी यांनी विकरे नसलेले यीस्ट उपाशी ठेवले. पिशव्या तयार होत राहिल्या, पण विरघळेनात. काही तासांत रिक्तिका त्यांनी भरून गेली आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या उघड दिसू लागल्या. १९९३ मध्ये त्यांनी या प्रक्रियेला आवश्यक असलेल्या पंधरा जनुकांचा माग प्रसिद्ध केला. २०१६ चे नोबेल त्यासाठी मिळाले. उपवासाच्या कोणत्याही पद्धतीसाठी ते नव्हते.

उपासमारीत ही प्रक्रिया वाढते, यात शंका नाही. जन्मल्यावर नाळ तुटते आणि दूध मिळेपर्यंत पिल्लाला स्वतःच्याच साठ्यावर तगावे लागते. या प्रक्रियेचे एक जनुक काढून टाकलेली उंदराची पिल्ले जन्मानंतर दिवसभरातच मरतात, असे जपानी संशोधकांनी २००४ मध्ये दाखवले. पण उंदराचा एक दिवसाचा उपवास आणि माणसाचा एक दिवसाचा उपवास यांची तुलना होत नाही, कारण तेवढ्या वेळात उंदराचे वजन लक्षणीय घटते. माणसात ‘सोळाव्या तासाला ऑटोफॅजी सुरू झाली’ हे सांगणारी कोणतीही रक्तचाचणी दवाखान्यात होत नाही. शिवाय ही प्रक्रिया दिव्याच्या बटणासारखी चालू-बंद होत नाही, थोड्याफार प्रमाणात ती सततच चालते. (‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ या थाटाच्या, साबुदाण्याच्या खिचडीवरच्या उपवासाचा तर प्रश्नच नको.)

कर्करोगाचा दावा सर्वांत धोकादायक. निरोगी पेशीत साफसफाई नीट झाली तर गाठ होण्याचा धोका कमी होऊ शकतो. पण गाठ एकदा वाढली, की तिच्या आतल्या, रक्तपुरवठा अपुरा असलेल्या पेशी याच प्रक्रियेच्या आधाराने तग धरतात. म्हणून तर ही प्रक्रिया रोखणारे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन कर्करोगावर वापरून पाहण्याच्या चाचण्या झाल्या. केमोथेरपी चालू असलेल्या, आधीच खंगलेल्या रुग्णाला ‘गाठ उपाशी मारू’ म्हणून उपाशी ठेवणारे नातेवाईक त्याची उपचार सोसण्याची ताकद घालवतात.

मधुमेहातला हिशेब सरळ आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना जेवण चुकले, तर साखर घसरते. ‘ग्लिफ्लोझिन’ गटातल्या गोळ्यांवर लांब उपवास केला, तर साखर फारशी न वाढताही रक्तात कीटोन साचून आम्लता वाढू शकते. टाइप १ च्या रुग्णाने इन्सुलिन परस्पर बंद करणे तर जीवघेणे ठरते. ज्यांना उपवास करायचाच आहे, त्यांनी डोस आधी बदलून घ्यावा.

क्षयाबाबतही हाच घोळ होतो. क्षयाचे जंतू पांढऱ्या पेशींत लपतात आणि पेशी उपाशी ठेवल्यास त्या जंतूंना या पिशव्यांत पकडू शकतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. ते पेशीपुरते झाले. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्यांना दरमहा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वे देऊन पाहिली गेली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, हे धान्य मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण, ते न मिळालेल्या घरांपेक्षा ३९ टक्क्यांनी कमी होते.