विश्लेषण : शाळेतील गोळीबारासाठी आई-वडिलांना तुरुंगवास! अमेरिकेतील बंदूकचर्चा घरातल्या कपाटापर्यंत का पोहोचली?

अमेरिकेत शाळेत गोळीबार झाला की वाद ठरलेल्या वळणाने जातो. एक बाजू बंदुकांवर निर्बंध मागते, तर दुसरी शाळेच्या दारावर सशस्त्र पहारा. या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडत होता: मुलाच्या हातात बंदूक आली कुठून? २०२४ मध्ये मिशिगनमधील एका खटल्याने हा प्रश्न ऐरणीवर आणला.

मिशिगनमध्ये काय घडले?

३० नोव्हेंबर २०२१ रोजी ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये १५ वर्षांच्या विद्यार्थ्याने गोळीबार केला. त्यात चार विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. ते पिस्तूल त्याच्या वडिलांनी अवघ्या चार दिवसांपूर्वी विकत घेतले होते. घटनेच्या दिवशी सकाळीच मुलाने काढलेले हिंसक चित्र शिक्षकांच्या नजरेस पडले. पालकांना शाळेत बोलावण्यात आले. मात्र त्यांनी मुलाला घरी नेले नाही, पिस्तुलाबद्दल काही सांगितले नाही आणि शाळेनेही त्याचे दप्तर तपासले नाही.

२०२४ मध्ये आई आणि वडील दोघेही सदोष मनुष्यवधाच्या आरोपात दोषी ठरले. प्रत्येकाला १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. मुलाने शाळेत केलेल्या सामूहिक गोळीबारासाठी पालकांना अशी शिक्षा होण्याची अमेरिकेतील ही पहिलीच वेळ. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जॉर्जियातील अपालाची हायस्कूलमध्ये गोळीबार झाला, तेव्हा १४ वर्षांच्या संशयितापाठोपाठ त्याच्या वडिलांनाही अटक झाली.

बंदूक घरातूनच येते का?

बहुतेक वेळा होय. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने २०१९ मध्ये शाळांवरील हल्ल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंदूक वापरणाऱ्या हल्लेखोरांपैकी ७६ टक्क्यांनी ती आई-वडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातून मिळवली होती. अनेकांना ती सहज हाती लागली होती.

देशात नागरिकांकडे सुमारे ३९ कोटी बंदुका असल्याचा ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संस्थेचा २०१८ चा अंदाज आहे. म्हणजे माणसांपेक्षा बंदुका जास्त. २०२० पासून एक ते १९ वर्षे वयोगटातील मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण बंदूक हेच आहे. यात खून, आत्महत्या आणि अपघात हे सारे आले.

मग कुलूप सक्तीचे का नाही?

संपूर्ण देशासाठी तसा कायदा नाही. परवानाधारक दुकानदाराने पिस्तुलासोबत कुलूप किंवा तत्सम साधन द्यावे, असे २००५ चा केंद्रीय कायदा सांगतो. ते वापरायचे की नाही, हे मालकाच्या मर्जीवर!

यामागे राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती आहे. २००८ च्या ‘हेलर’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक बाळगण्याचा वैयक्तिक हक्क मान्य केला. घरातली बंदूक कायम निकामी किंवा कुलूपबंद ठेवण्याची राजधानी वॉशिंग्टनमधील अटही त्याच निकालात रद्द झाली. रात्री चोर शिरला तर कुलूप उघडत बसायचे का, असा बंदूक समर्थकांचा सवाल असतो. म्हणूनच फेब्रुवारी २०२४ मध्ये लागू झालेल्या मिशिगनच्या कायद्यात अट मर्यादित आहे. अल्पवयीन मूल जिथे असू शकते, तिथे बंदूक लक्ष न ठेवता सोडायची असेल तरच ती कुलूपबंद हवी.

सशस्त्र पहारा पुरेसा नाही का?

२०१८ मध्ये फ्लोरिडातील पार्कलँडच्या शाळेत सशस्त्र अधिकारी होता, तरी १७ जणांचा जीव गेला. २४ मे २०२२ रोजी टेक्सासमधील युवाल्डी येथे १९ मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. तिथे टप्प्याटप्प्याने ३७६ सुरक्षा कर्मचारी जमले, पण हल्लेखोराला गाठायला ७७ मिनिटे लागली. तरीही टेक्सासने २०२३ मध्ये प्रत्येक शाळेत सशस्त्र रक्षक ठेवण्याचा कायदा केला.

अर्थात, कुलूप हाही रामबाण उपाय नाही. युवाल्डीच्या हल्लेखोराने १८ वर्षे पूर्ण होताच रायफल कायदेशीररीत्या विकत घेतली होती. त्या घटनेनंतर महिनाभरात संसदेने २१ वर्षांखालील खरेदीदारांची कसून तपासणी बंधनकारक केली. मात्र खरेदीचे किमान वय वाढवले नाही.

पुढे काय?

पालकांना शिक्षा करण्यावरही आक्षेप आहेत. शिक्षा होते ती जीव गेल्यावर. शिवाय सरकार आपली जबाबदारी घरांवर ढकलत आहे, असेही टीकाकार म्हणतात. समर्थकांच्या मते, ज्या बंदुकीची खरेदी कायदा रोखू शकत नाही, ती मुलाच्या हाती लागू नये एवढे तरी घरात करता येते.

तिथल्या मराठी कुटुंबांची मुलेही याच शाळांत शिकतात आणि गोळीबारापासून बचावाची कवायत करतात. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला त्यांनाही तितकाच लागू आहे: मूल कुणाच्या घरी खेळायला जाणार असेल, तर तिथे कुलूप नसलेली बंदूक आहे का, हे आधी विचारा. प्रश्न अवघड वाटेल, पण तो विचारायला कुठल्याही नव्या कायद्याची गरज नाही.