ईस्टरची पहाट आणि तीन स्त्रिया

दरवर्षी मार्च-एप्रिलच्या सुमारास माझ्या वर्गातील मैत्रिणींची एक हमखास पंचाईत होते. गुड फ्रायडेला शुभेच्छा द्यायच्या की नाहीत, हे त्यांना ठाऊक नसते. एखादी भाबडेपणाने "हॅपी गुड फ्रायडे" म्हणून मोकळी होते आणि कुणीतरी कोपर मारले की जीभ चावते. मी हसते. तो दिवस प्रभू येशूच्या वधस्तंभावरील मरणाचा. शुभेच्छा द्यायच्या त्या तिसऱ्या दिवशी, रविवारी, ईस्टरला, असे मी त्यांना सांगते. शुक्रवार दुःखाचा आणि रविवार आनंदाचा, ही सोपी वाटणी मलाही मान्य होती, गेल्या वर्षापर्यंत.

गेल्या वर्षी ईस्टरच्या अडीच महिने आधी माझे वडील वारले. आमच्या गावी ईस्टरची पहिली उपासना पहाटे कबरस्तानात होते. अंधारातच मंडळी मेणबत्त्या घेऊन निघतात, आपापल्या माणसांच्या कबरींवर फुले ठेवतात आणि उजाडता उजाडता पुनरुत्थानाची गीते म्हणतात. या उपासनेला वडील पेटी वाजवीत. त्या पहाटे पेटीवर दुसरेच कोणी बसले होते. आई ओंजळीत मोगरा घेऊन पुढे गेली. माझे पाऊल मात्र फाटकापाशीच अडले. मंडळीतील एक वडीलधारे गृहस्थ जवळ आले आणि मायेनेच म्हणाले, "पोरी, आज रडू नये. आज आनंदाचा दिवस." त्यांचा हेतू चांगला होता, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु घरी परतताना एकच प्रश्न मनात घोळत राहिला. ज्याला आज आनंद होत नाही, त्याला ईस्टरमध्ये जागाच नाही काय?

त्या दुपारी मी मार्ककृत शुभवर्तमानाचा सोळावा अध्याय उघडला आणि पहिली आठ वचने पुन्हा पुन्हा वाचली. लहानपणापासून ऐकलेली ती हकीगत मला जणू प्रथमच दिसली.

शब्बाथ संपल्यावर तीन स्त्रिया सुगंधी द्रव्ये विकत घेतात : मग्दालीया मरीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे. आठवड्याच्या पहिल्या दिवशी सूर्य उगवता उगवता त्या कबरेकडे निघतात. त्या निघाल्या आहेत त्या एका प्रेताला सुगंध लावायला, चमत्कार पाहायला नव्हे. वाटेत त्यांना आठवते की कबरेच्या तोंडावर मोठी धोंड आहे आणि ती लोटायला आपल्याबरोबर कोणीच नाही. व्यवहार जाणणारा माणूस म्हणेल, हा विचार निघण्यापूर्वी करायला नको होता काय? परंतु मदत मागावी असे पुरुष होते कुठे? शिष्य तर अटकेच्या रात्रीच पळून गेले होते. धोंडीच्या प्रश्नाला उत्तर नाही, हे ठाऊक असूनही त्या चालत राहिल्या, आणि पोहोचल्या तेव्हा धोंड बाजूला झालेली होती. माझ्या मते श्रद्धा ती हीच. सारी उत्तरे खिशात घालून निघणे म्हणजे श्रद्धा नव्हे. हातातले काम प्रेमाचे आहे, एवढ्याच बळावर निघणे म्हणजे श्रद्धा.

पुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. शुभ्र झगा घातलेला एक तरुण त्यांना सांगतो की येशू उठला आहे, तो इथे नाही. ही वार्ता ऐकून त्या नाचल्या का, गायल्या का? नाही. त्या थरथर कापत कबरेतून बाहेर पळाल्या आणि भयामुळे कोणाशी काही बोलल्या नाहीत. सायनायटिकस आणि व्हॅटिकानस या चौथ्या शतकातील दोन्ही प्रसिद्ध ग्रीक हस्तलिखितांत मार्कचे शुभवर्तमान इथेच, या भयापाशीच संपते. पुढील बारा वचने त्यांत नाहीत.

इतिहासाच्या तासाला साधनांची चिकित्सा शिकताना आपण ऐकतो की, जी गोष्ट सांगणाऱ्यालाच अडचणीची ठरते, ती त्याने रचलेली असण्याचा संभव कमी. त्या काळच्या यहुदी समाजात स्त्रियांच्या साक्षीला फारसे मोल नव्हते. लूक तर लिहितो की प्रेषितांनाही त्यांचे सांगणे पोकळ बडबड वाटली. असे असूनही चारही शुभवर्तमानांत रिकाम्या कबरेपाशी प्रथम पोहोचतात त्या स्त्रियाच, आणि मार्क तर त्यांची भीतीदेखील लपवीत नाही.

शिवाय त्या निरोपात दोन शब्द आहेत, ज्यांवरून माझी नजर पूर्वी नुसती घसरून जाई. हे वर्तमान शिष्यांना सांगा, "आणि पेत्रालाही". ज्याने तीनदा नाकारले, त्याचे नाव मुद्दाम वेगळे घेतले आहे. भेटीचे ठिकाण गालील, म्हणजे त्यांचे नेहमीचे, जाळ्यांचे आणि मासळीचे गाव. प्रभू त्यांच्या आधीच तिथे जाऊन वाट पाहणार आहे.

हा उतारा वाचताना मला पंडिता रमाबाईंची आठवण होते. १८८२ साली त्यांचे पती गेले. १९२१ साली एकुलती मुलगी मनोरमा गेली. आयुष्याच्या अखेरपर्यंत त्या मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या. एप्रिल १९२२ मध्ये त्या वारल्या, आणि ते संपूर्ण बायबल केडगावच्या मुक्ती मिशनने १९२४ साली प्रसिद्ध केले. मुलीच्या मृत्यूनंतर त्यांच्या मनात काय चालले असेल, ते मी कोण सांगणार? परंतु त्यांचे हात थांबले नाहीत, हे खरे. सुगंधी द्रव्ये घेऊन निघालेल्या त्या तिघींच्याच वाटेवरून त्या चालल्या, असे मला वाटते.

म्हणून माझे नम्र मत असे की ईस्टरच्या दिवशी आपण आनंदाची सक्ती करू नये. दुःखी माणसाला "रडू नकोस" म्हणणे सोपे असते. त्याच्याबरोबर फाटकापाशी घटकाभर उभे राहणे कठीण. हे केवळ आमच्या मंडळीपुरते नाही. निकालाच्या दिवशी पेढे वाटताना, दिवाळीत फराळाची ताटे फिरवताना, एखाद्या घरी यंदा एक माणूस कमी आहे, हे आपल्या ध्यानात असते काय?

माझ्या दुःखाची धोंड हलली आहे, असे मी म्हणत नाही. पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे आणि माझे डोळेही भरून येतात. या दोन्ही गोष्टी एकाच पहाटे खऱ्या असू शकतात, हे मला त्या आठ वचनांनी शिकवले. यंदाच्या ईस्टरला आई मोगरा घेऊन निघेल तेव्हा मी तिच्याबरोबर फाटकाच्या आत जाणार आहे. गाता आले तर गाईन. नाही आले, तर वडिलांच्या कबरेपाशी गप्प उभी राहीन. त्या तिघीही त्या सकाळी गप्पच होत्या.

(तृतीय वर्ष, कला)